डिझेल सांडलेल्या मातीसाठी इंदूर पद्धतीचा ढीग

ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्या साहाय्याने १९२४ ते १९३१ या काळात इंदुरात कंपोस्टची जी पद्धत बसवली, तिचा हेतू शेतखत हा होता; मात्र तिच्यातील शेण, काडीकचरा आणि वेळोवेळी दिलेली पलटी यांचा उपयोग जनरेटर किंवा वाहनदुरुस्तीमुळे तेलकट झालेल्या अंगणातील मातीसाठीही करता येतो.

प्रथम मातीत नेमके काय मिसळले आहे याची खात्री करावी. डिझेलमधील हायड्रोकार्बन (कार्बन व हायड्रोजन यांची संयुगे) हे जीवाणूंचे खाद्य ठरू शकते. शिसे किंवा कॅडमियम हे मूलद्रव्य असल्याने ते कुजून नाहीसे होत नाही. कंपोस्टमुळे त्यातील काही भाग सेंद्रिय द्रव्याला बांधला जातो, इतकेच. म्हणून बॅटऱ्यांचे काम झालेल्या जागेची माती प्रयोगशाळेत तपासल्याखेरीज या वाटेला जाऊ नये. गाडीतून काढलेल्या जळक्या ऑइलमध्येही धातू असू शकतात, शिवाय ते डिझेलपेक्षा फार सावकाश कुजते.

माळव्यातील काळी माती चिकट असल्याने हवा आत शिरत नाही आणि खरी अडचण येथेच येते. हातमोजे घालून ढेकळे फोडावीत आणि एक घमेले मातीला साधारण तीन घमेली गव्हाचे काड, सोयाबीनचे कुटार, पालापाचोळा व ताजे शेण यांचे मिश्रण घ्यावे. निव्वळ काड घातल्यास नत्र कमी पडून ढीग थंड राहतो. जाड प्लास्टिकवर, विहीर किंवा बोअरवेलपासून दूर, किमान एक मीटर उंचीचा ढीग रचावा. मूठभर मिश्रण दाबल्यावर ओलसर लागावे, पण पाणी ठिबकू नये. पावसाळ्यात वर ताडपत्री हवीच, अन्यथा निथळणारे पाणी तेल घेऊन शेजारच्या मातीत उतरेल.

ढिगाचे तापमान ५० ते ६० अंश सेल्सिअस असणे इष्ट आहे. ६५ च्या वर गेल्यास लगेच पलटी द्यावी. इंदूर पद्धतीत तीन महिन्यांत तीन पलट्या पुरतात, तेलकट मातीला मात्र दर आठवड्याला एक द्यावी. पलटी देताना डिझेलचा हलका अंश हवेत उडून जातो, त्यामुळे हे काम उघड्यावर आणि विस्तवापासून दूर करावे. नुसता वास गेला म्हणजे तेल कुजले, असे समजणे चुकीचे आहे.

तीन-चार महिन्यांनी एका कुंडीत ही माती आणि दुसरीत चांगली माती घेऊन दोन्हींत मेथी पेरावी. उगवण सारखी झाली तरी मेथी खाऊ नये. प्रयोगशाळेत उरलेल्या हायड्रोकार्बनचे प्रमाण तपासून घ्यावे आणि ते पुरेसे उतरेपर्यंत त्या मातीत झेंडू, शेवंती अशी फुलझाडेच लावावीत.