टायमिंग चेनची खळखळ: टेन्शनर खोलण्याआधी आणि खोलताना

मोटरसायकलच्या इंजिनातून वरच्या बाजूला खळखळ ऐकू आली की पहिला संशय टेन्शनरवर जातो. दोन बोल्टांत निघणारा भाग असल्यामुळे तो लगेच बदललाही जातो, आणि आवाज बऱ्याचदा तिथेच राहतो. टेन्शनरचं काम चेनची ढील भरून काढण्याचं. ढील कुठून आली हे न बघता नवा टेन्शनर बसवला तर तोही थोड्याच दिवसांत हात टेकतो.

टायमिंग चेन क्रँकवरून (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) फिरवते. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. चेनच्या कड्यांमधल्या पिना आणि बुश झिजले की प्रत्येक कडीत केसभर फट पडते आणि सगळ्या कड्या मिळून चेन लांबते. चेनच्या ढिल्या बाजूला एक लांबट गाईडपट्टी असते. टेन्शनरचा दांडा तिला मागून रेटतो. चेन जसजशी लांबेल तसतसा दांडा पुढे सरकतो, आणि आतला खटका किंवा स्क्रू त्याला मागे येऊ देत नाही.

आधी आवाज ओळखा

सर्वांत आधी ऑइलची पातळी बघा. ऑइल कमी असेल किंवा चुकीच्या ग्रेडचं असेल तर चांगली चेनही कुरकुरते. काही इंजिनांत टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. तिथे थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-चार सेकंद खळखळ होऊन थांबली तर काळजीचं कारण नाही.

मग कान द्या. टॅपेटची (कॅम आणि व्हॉल्व्हमधला भाग) टिकटिक एकसारखी असते, रेस वाढवली की तिचा वेग वाढतो पण लय मोडत नाही. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर मामला क्लचचा किंवा गिअरबॉक्सचा. थंडपणी टकटक आणि गरम झाल्यावर शांत, असं असेल तर पिस्टनकडे बघावं लागेल. टायमिंग चेनचा आवाज विस्कळीत असतो, डब्यात साखळी हलवावी तसा. आयडलिंगला, आणि थोडी रेस देऊन सोडताना तो जास्त स्पष्ट होतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेन्शनरच्या बॉडीवर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावा, मग तेच सिलिंडरच्या दुसऱ्या बाजूला करून बघा. फरक कळतो.

पिस्टन वर आणा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून अनेक जण गाळतात. टेन्शनर काढल्यावर चेन सैल पडते. त्या वेळी एखादा व्हॉल्व्ह उघडा असेल तर त्याची स्प्रिंग कॅमला झटका देऊ शकते, चेन एखाद्या दात्यावरून उडते आणि टायमिंग चुकतं. तसंच इंजिन सुरू केलं तर बऱ्याच गाड्यांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. दोन बोल्टांचं काम मग हेड उतरवण्यापर्यंत जातं.

म्हणून इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, गाडी न्यूट्रलमध्ये मेन स्टँडवर लावा आणि स्पार्क प्लग काढा. मॅग्नेट कव्हरवरच्या दोन झाकण्या उघडा. मधल्या झाकणीतून नट पान्ह्याने फिरवायचा, वरच्या झाकणीतून ‘टी’ची, म्हणजे पिस्टन सर्वांत वर आल्याची, खूण बघायची. इंजिन सुलट दिशेनेच फिरवा. खूण जुळल्यावर दोन्ही टॅपेट हाताला किंचित सैल लागले पाहिजेत, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत. तसे नसतील तर क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा द्या. यानंतर टेन्शनर पुन्हा बसेपर्यंत किकला, स्टार्टरला आणि मागच्या चाकाला कुणीही हात लावायचा नाही.

काढणं आणि वाचणं

आधी टेन्शनरच्या मागचा मधला छोटा बोल्ट काढा. खटक्याच्या प्रकारात त्यामागे दाबलेली स्प्रिंग असते. बोटाने अडवत सोडा, नाहीतर ती कोपऱ्यात जाऊन बसेल. स्प्रिंग आधी निघाल्यामुळे दांडा आहे त्याच जागी राहतो. आता बॉडीचे दोन बोल्ट आलटून पालटून सैल करा, टेन्शनर बाहेर घ्या आणि दांडा किती बाहेर आलाय ते मोजा.

स्क्रूच्या प्रकारात मागच्या भोकातून चपटा छोटा स्क्रू ड्रायव्हर घालून स्क्रू फिरवला की दांडा आत जातो. बहुतेक ठिकाणी उजवीकडे फिरवावं लागतं. बॉडी काढण्याआधीच हे करा आणि फेरे मोजा. नंतर बाहेर काढलेल्या टेन्शनरचा दांडा पूर्ण आत-बाहेर करून एकूण फेरे किती ते बघा. दोन आकड्यांवरून दांडा किती बाहेर आला होता याचा अंदाज येतो.

दांडा जवळजवळ शेवटाला पोचला असेल तर चेन आणि गाईड संपत आलेत. टेन्शनर बिचारा निर्दोष. दांडा मध्यावर असेल तर तो अंगठ्याने जोरात आत दाबा. मागे सरकला तर खटक्याचे दाते किंवा स्क्रू झिजलाय, टेन्शनर बदला. मध्यावर आहे आणि दबतही नाही, तर आवाजाचं मूळ दुसरीकडे शोधा.

बसवताना

बाहेर आलेल्या दांड्यासकट टेन्शनर जागेवर धरून बोल्टांच्या जोरावर ओढून बसवू नका. चेन अतिशय ताणली जाते, गाईडपट्टी तुटते. खटक्याच्या प्रकारात बोल्ट नुसते ढिले करून ‘एक दाता पुढे जाऊ द्यावा’ आणि पुन्हा आवळावेत, हा उपायही त्याच जातीचा. आवाज लगेच बंद होतो, म्हणून लोक खूश होतात. इंजिन आतून झिजत राहतं.

खटका सोडवून दांडा पूर्ण आत ढकला, किंवा स्क्रू फिरवून आत घ्या आणि ड्रायव्हर तसाच धरून ठेवा. बसण्याची जागा साफ करून नवं गॅस्केट लावा. बोल्ट आधी हाताने बसवा, मग आवळा. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० ते १२ न्यूटन मीटर पुरतात, तरी तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा शेवटचा. ॲल्युमिनियममधले आटे जोर सहन करत नाहीत. आता स्प्रिंग आणि मधला बोल्ट लावा, किंवा ड्रायव्हर काढून दांडा सुटू द्या.

प्लग न लावता पान्ह्याने क्रँकचे दोन पूर्ण फेरे द्या. मध्ये काही अडलं तर जोर लावू नका, तिथेच थांबा. ‘टी’ची खूण जुळल्यावर कॅम स्प्रॉकेटवरची खूणही जुळायला हवी. मगच प्लग लावून इंजिन सुरू करा.

बोल्टने हाताने ताणायचा टेन्शनर लावावा का, असं बरेच जण विचारतात. रोजच्या गाडीला माझ्या मते नको. थोडा जास्त आवळला गेला तर सूं असा बारीक आवाज येतो आणि गाईड भराभर झिजतात. शिवाय तो वेळोवेळी बघावा लागतो.

खळखळ तरीही कायम असेल तर ऑइल काढून गाळून बघा. प्लॅस्टिकचे किंवा रबराचे तुकडे सापडले तर गाईड फुटलंय, गाडी चालवू नका. इंजिन उघडल्यावर चेन, गाईड आणि टेन्शनर एकाच वेळी बदला, कारण जुन्या चेनवर नवीन गाईड फार टिकत नाहीत. ऑइलपंपाची जाळीही तेव्हाच साफ करून घ्या. तुकडे तिथेच अडकतात.