फार्सच्या ऑडिशनला जाताय? आधी पडायला शिका

बेळगावात नाटकाचं वेड जुनं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं गुर्लहोसूर याच जिल्ह्यातलं, त्यामुळे इथला कुठलाही नाटकवाला दुसऱ्या चहाला संगीत नाटकावर घसरतोच. म्हणूनच की काय, ऑडिशनला येणारी निम्मी मंडळी एखादं भरजरी स्वगत घोकून येतात. एखाद्या हौशी संस्थेनं धावपळीचा, पडापडीचा फार्स बसवायला घेतला असेल, तर ते स्वगत घरीच ठेवा. तिथं दिग्दर्शक तुमचे पाय बघत असतो.

मला हे ठाऊक नव्हतं. शहापुरातल्या एका शाळेचा हॉल, जुलैचा पाऊस, फरशीला ओल सुटलेली. खुर्चीवरून पडून दाखव म्हणाले. मी एक हात टेकवून इतका बेताबेतानं आडवा झालो की मागून आवाज आला, "पडूलायस काय झोपूलायस रे?" सगळे हसले. त्या दिवशी माझ्या वाट्याला आलेला हशा तेवढाच. मग ईर्षेनं पुन्हा धाडकन पडलो, तेही हात टेकवूनच. मनगट पंधरा दिवस सुजलेलं होतं आणि भूमिका दुसऱ्याला गेली.

जायच्या आधी विचारायच्या गोष्टी

संहितेतला एखादा प्रवेश आधी वाचायला मिळेल का, मारामारी किंवा उचलाउचली आहे का, तालमी किती वाजता सुटतात, प्रयोग कुठल्या महिन्यात आहे, एवढं फोनवर विचारून घ्या. गणपतीच्या दिवसांत तालीम ठेवणारा दिग्दर्शक बेळगावात तरी मला भेटलेला नाही, पण त्याच्या आधीचा आणि नंतरचा हिशेब लागतो.

संवाद कुठल्या वळणाचे आहेत हेही विचारा. पुणेरी बोलणारा माणूस हवा असेल तर 'करूलोय, जाऊलोय' चालायचं नाही, आणि बेळगावी हवा असेल तर तुमच्यासारखे तुम्हीच. मात्र भाषेचं फार दडपण घेऊ नका. आपल्याकडे प्रेक्षागृहात मराठीच्या शेजारी कन्नड बोलणारं कुटुंब बसलेलं असतं. शब्दावरच्या कोटीला अर्धी रांग गप्प राहते, पण धोतराचा सोगा दारात अडकला की दोन्हीकडून हशा येतो.

पंधरा दिवस आधी : पडणं

'तालीम' या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत आणि फार्सला दोन्ही लागतात. लाल मातीच्या तालमीत दोन वर्षं काढलेली पोरं ऑडिशनला लगेच ओळखू येतात. त्यांना जमिनीची भीती नसते. बाकीच्यांना ती घालवावी लागते, आणि ती एका दिवसात जात नाही.

सुरुवात घरच्या जाड गादीवर किंवा व्हॅक्सीन डेपोच्या मैदानातल्या गवतावर करा. आधी उकिडवे बसा आणि तिथूनच एका कुशीला कलंडा. जमिनीला आधी पोटरीची बाजू लागली पाहिजे, मग मांडी, मग कुल्ला, मग खांद्याची मागची बाजू. हनुवटी छातीशी, म्हणजे डोकं मागं आपटत नाही. श्वास रोखायचा नाही, सोडायचा. हात मोकळे ठेवा. मनगटावर किंवा कोपरावर अंगाचा भार घ्यायचा नाही, गुडघ्यावर तर नाहीच. चार दिवस उकिडव्यानं, मग अर्धं वाकून, मग उभ्यानं. उभ्यानं पडतानासुद्धा आपण खरं म्हणजे भराभर खाली बसत असतो आणि मग लोळतो. जमिनीपर्यंतचं अंतर असं आधीच कमी करून टाकायचं. आवाज हवा असेल तर शेवटी तळवा फरशीवर सपकन मारायचा. लोकांना वाटतं, हाड मोडलं.

अडखळणं त्याहून सोपं आणि जास्त उपयोगाचं. सरळ चालता चालता मागच्या पायाचा चवडा पुढच्या पायाच्या टाचेला हलकेच अडकवा आणि दोन पावलं भरभर पुढं धावा. नंतर मागं वळून जमिनीकडे बघा, जणू चूक फरशीची आहे. गंमत त्या वळून बघण्यात आहे. पडणाऱ्याला लोक फार हसत नाहीत, पडू नये म्हणून जिवाचं रान करणाऱ्याला हसतात. पाठीचं, गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर पडण्याचा नाद सोडा आणि अडखळण्यावर भर द्या.

स्थिर राहण्याचाही सराव करा. शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथावर तासन्तास तलवार उगारून उभे राहिला असाल, तर तुमची ही शिकवणी झालेली आहे. सगळे धावत असताना मध्येच एक जण खांबासारखा थांबला की नजर त्याच्यावरच जाते.

दीड मिनिटाचा तुकडा

काहींकडे तयार प्रसंग करायला सांगतात. शब्द नसलेला, दीड मिनिटाचा एक तुकडा बांधून ठेवा. मी छत्रीचा करतो. पावसाळी बेळगावात छत्री न लागणारं घर नाही, त्यामुळे सामान फुकट.

एक माणूस कचेरीत कारकुनासमोर सही करायला आलाय. सगळीकडे शांतता. तो बटणाची छत्री मिटून काखेत धरतो, सहीला वाकतो आणि छत्री फाडकन उघडते. तो घाईनं मिटतो, कुणी पाहिलं का बघतो. आता छत्री दोन्ही गुडघ्यांमध्ये घट्ट. वाकतो. पुन्हा फाडकन. तिसऱ्यांदा तो छत्रीला पोराला धरावं तसं कवटाळून उभा राहतो. छत्रीकडे बघतो, पेनाकडे बघतो, पुन्हा छत्रीकडे. शेवटी हार मानून स्वतःच छत्री उघडतो, डोक्यावर धरतो आणि छताखाली, ऐटीत, सही करून निघून जातो.

यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे तीनचा हिशेब : एकदा झालं तो अपघात, दोनदा झालं की सवय, आणि तिसऱ्यांदा प्रेक्षक तयारीत बसलेला असतो तेव्हा वाट बदलायची. दुसरी म्हणजे नजर. छत्री उघडल्यावर कारकुनाकडे एक साधी नजर टाका, काही घडलंच नाही असं पुढं बघा, मनात एक-दोन म्हणा आणि मग झटक्यात मान वळवून पुन्हा त्याच्याकडे बघा. हशा छत्रीला नाही, त्या दुसऱ्या नजरेला येतो. मधले एक-दोन आकडे खाल्ले तर काहीच येत नाही.

आणि छत्रीच्या भरवशावर राहू नका. बटण आपल्याच अंगठ्यानं, लपवून दाबायचं. हे शंभर वेळा करा.

कपडे

अंगासरशी पण ताणणारी पँट, खाली गुडघ्याला पॅड, पायात रबरी तळव्याचे कॅनव्हास शूज. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर उतरू नका. अंगठ्या, कडी, घड्याळ पिशवीत. चष्म्याला मागून दोरी. ओढणी पिन करून किंवा घरीच. तुम्ही बाई असाल तर बहुधा डोळे वटारणारी सासू किंवा लाटणं घेतलेली बायको वाचायला देतील. ते वाचा आणि वाचून झाल्यावर 'मला पडताही येतं' असं सांगून पडून दाखवा. माझ्या पाहण्यात अशा दोघींनी प्रवेशाची मांडणीच बदलायला लावली होती.

त्या दिवशी

वीस मिनिटं आधी पोचा आणि घोटे, कंबर, मान, खांदे मोकळे करा. मग जोडी लावतील. जोडीदार अनोळखी असेल तर सुरू करायच्या आधीच सांगा, 'माझा डावा खांदा दुखतो, तिथं धरू नका,' आणि त्यालाही विचारा. हे बोलायला लाजू नका. ते ऐकून परीक्षक खूश होतात, कारण प्रयोगाच्या आदल्या दिवशी प्लास्टरमध्ये गेलेला नट त्यांनी पाहिलेला असतो.

थोबाडीत मारायचा प्रसंग हमखास येतो. आधी डोळ्याला डोळा, मग मारणाऱ्याची बारीक मान हलवून खूण. हात गालापासून चांगला वीतभर लांबून जातो, आणि मार खाणारा त्याच क्षणी आपल्या छातीपाशी, प्रेक्षकांना दिसणार नाही अशी टाळी वाजवून मान फिरवतो. केस ओढतानाही तसंच : ओढणाऱ्याची मूठ नुसती डोक्यावर, त्या हाताचं मनगट ज्याचे केस आहेत तो दोन्ही हातांनी धरतो आणि फरफटत तोच पुढं जातो. म्हणजे सगळा लगाम मार खाणाऱ्याच्या हातात. खरोखर थोबाडीत लावून 'फील' आणणाऱ्या माणसाला मी तरी घेणार नाही.

चेहरा गंभीर ठेवा. आपण विनोदी आहोत हे तुम्हाला ठाऊक आहे असं दिसलं की संपलं. छत्रीवाल्याला सही हवी असते, बस. जोडीदार चुकला, खुर्ची खरंच मोडली, तर थांबून 'सॉरी' म्हणू नका. मोडलेल्या खुर्चीवरच बसायचा प्रयत्न करा.

तुम्हाला हशा मिळाला की दिग्दर्शक बहुतेक एकच वाक्य बोलेल : "आता तसंच पुन्हा कर." इथं भले भले गळतात. हुरूप येऊन ते दुसऱ्यांदा दुप्पट करतात, डोळे जास्त फाडतात, नवीन कोलांटी घुसवतात. त्यानं दुप्पट मागितलेलं नाही. त्याच जागी, त्याच पायावर, तेवढ्याच वेळात पडता का, हे त्याला बघायचंय. कारण उद्या त्या जागी नेपथ्यातलं टेबल असेल, खाली कुणाचा तरी हात असेल आणि विंगेतला पोरगा तुमच्या पडण्याच्या हिशेबानंच दार आपटणार असेल. तेव्हा घरी तुकडा बसवताना फरशीवर खडूनं खूण करा आणि दहादा त्याच खुणेवर पडा.

नंतर

'कळवतो' म्हणाले तर कधीपर्यंत, एवढंच विचारून निघा. दुसऱ्या दिवशी निळे डाग दिसले तर आपण कुठल्या भागावर पडतो ते त्यावरून कळतं. मांडीवर असतील तर ठीक, कोपरावर असतील तर पुन्हा गादीवर जा. भूमिका न देता प्रॉम्प्टिंगला, म्हणजे विंगेतून संवाद पुरवायला, या म्हणाले तर मी तरी जाईन. मनगट सुजलेलं असताना मी त्याच नाटकाला विंगेत दार आपटायला होतो, आणि पडायला शिकलो ते तिथून, माझ्या जागी घेतलेल्या पोराला रोज एकाच फरशीवर पडताना बघून.

घेतलं तर होकार द्यायच्या आधी खानापूर-नंदगडच्या लोकांनी शेवटची गाडी कितीला आहे ते बघून ठेवावं. साडेनऊला सुटणारी तालीम साडेदहालाच सुटते.