दोरावरून वर यायचंय? मग या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की मेसेज सुरू होतात. "दादा, इमर्जन्सीसाठी दोरावर चढायचं कुठलं डिव्हाइस घेऊ?" आणि सोबत कुठल्यातरी चकचकीत जुमारचा (दोराला दातांनी पकडणारं, फक्त वर सरकणारं साधन) स्क्रीनशॉट. माझं उत्तर दरवर्षी तेच असतं की 6 एमएम कॉर्डचे (पातळ दोरीचे) दोन लूप घे, दोन लॉकवाले कॅराबिनर (अडकवायच्या धातूच्या कड्या) घे, एक हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा) घे आणि जमिनीपासून फूटभर वर लटकून बघ. यातलं शेवटचं कुणालाच आवडत नाही. विकत घेता येईल असं काहीतरी सांगा म्हणतात.

हे ज्यांनी कधी क्लायंबिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. गावात विहिरीत कुणी पडलं तर धावणारी पोरं, सांदण व्हॅलीत रॅपलिंग करून उतरलेले आणि परत वर यायची वेळ आली तर काय याचा विचारच न केलेले पाहुणे, असे लोक. ज्यांना येतं त्यांनी पुढे गेलात तरी चालेल.

आधी हे ठरवा: चढायचंच आहे का

नव्वद टक्के वेळा नाही. वर चार माणसं असतील तर खालच्याने चढण्यापेक्षा वरच्यांनी नीट ओढणं किंवा शिडी सोडणं सोपं पडतं. जुन्नर भागात विहिरीत बिबट्या पडला की वन खातं आणि गावकरी काय करतात? चार कोपऱ्यांना दोर बांधून बाज सोडतात, नाहीतर शिडी. बिबट्याला कुणी गाठी शिकवत बसत नाही. घाबरलेल्या, दमलेल्या, कदाचित हात मोडलेल्या माणसाला मात्र आपण वरून दोर फेकतो आणि ओरडतो, "धर आणि ये वर!" 112 ला फोन करायचा, अँब्युलन्ससाठी 108, आणि डोंगरात असाल तर स्थानिक रेस्क्यूवाल्यांना आधी कळवायचं, चढाचढी नंतर. फोन करायला कमीपणा वाटतो लोकांना, का ते देवाला माहीत.

आणि जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत किंवा डिझेल इंजिन चालू असलेल्या विहिरीत कुणी बेशुद्ध पडला असेल तर दोर घेऊन मागोमाग उतरू नका. तिथे पडण्याचं कारण खराब हवा असते, आणि वाचवायला उतरलेले दोघंतिघं त्याच्याशेजारीच पडतात. कंदील सोडून बघायची जुनी पद्धत आहे, विझला तर उतरायचं नाही हे बरोबर, पण जळत राहिला म्हणजे हवा चांगली असं अजिबात नाही, विषारी वायूत कंदील आरामात जळतो.

चूक पहिली: हाताच्या जोरावर चढणं

सिनेमाने वाट लावलीय सगळ्यांची. दोर धरला, सरसर वर. स्वतःचं सत्तर किलो वजन दोन हातांनी दहा मीटर उचलणं जिमवाल्यांना पण जमत नाही, ओल्या दोरावर तर नाहीच. तीन-चार मीटर गेल्यावर कोपरापासून खालचा हात दगडासारखा होतो, बोटं आपोआप उघडतात, आणि तेव्हा तुम्ही पडून लागेल एवढ्या उंचीवर असता.

मग कुणीतरी हुशार दोराला दर फुटावर गाठ मारून देतो. थोडी मदत होते, खोटं नाही, पण वजन तरी हातावरच राहतं आणि गाठीमुळे दोराची ताकद कमी होते ती वेगळीच. त्यापेक्षा गाठींच्या जागी पाऊल जाईल एवढे लूप बांधा, गुडघ्याच्या उंचीइतक्या अंतरावर. दोर भलताच खातं हे काम, दहा मीटरसाठी घ्याल तो दोर पुरणार नाही, पण न शिकलेल्या माणसासाठी याहून सोपं साधन मला माहीत नाही. वजन पायावर, हात फक्त तोल सांभाळायला. त्यातही खालच्याच्या छातीला दुसरा दोर असावा आणि वरून कुणीतरी तो आवळत राहावं, म्हणजे पाय सटकला तरी माणूस जागेवरच राहतो.

दोरशिडीचं पण तेच. समोरून पाय टाकला की शिडी पुढे पळते, माणूस मागे आडवा होतो आणि परत हातावर लटकतो. मोकळ्यात लोंबणाऱ्या शिडीवर टाच मागच्या बाजूने पायरीत घालायची, शिडी अंगाला चिकटून ठेवायची, आणि हात डोक्यावर न नेता छातीच्या उंचीवर शिडीच्या मागून धरायचे. एकदा केलं की कळतं, वाचून कळत नाही.

चूक दुसरी, माझी लाडकी: लूपची लांबी

प्रुसिक गाठ आता सगळ्यांना येते. कार्ल प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने 1931 साली ती लोकांसमोर आणली, जुमार आलं 1958 मध्ये, म्हणजे मधली सत्तावीस वर्षं बहुतेक लोक या गाठीवर दोर चढत होते. पातळ कॉर्डचा लूप मुख्य दोराभोवती तीनदा गुंडाळायचा, वजन टाकलं की आवळतो, वजन काढलं की सरकतो. एक लूप हार्नेसला, त्याच्याखाली दुसरा लूप पायाला. बसा, पायाचा लूप वर सरकवा, त्यात उभे राहा, कमरेचा वर सरकवा, बसा. एवढंच आहे. रील तीस सेकंदांचं असतं. त्या रीलमध्ये लूप किती लांब ते कुणी सांगत नाही.

एका गावात उन्हाळ्यात पाणी आटलेल्या विहिरीत करडू पडलं होतं. सहा-सात परस खोल विहीर, खाली कातळाच्या टप्प्यावर करडू ओरडतंय. गावातला एक पोरगा, ट्रेकिंगचं वेड असलेला, हार्नेस लावून उतरला, करडाला पाटीत बसवून वर पाठवलं, इथपर्यंत सगळं मस्त. मग साहेब वर यायला निघाले. लूप घरी बनवून आणलेले, गाठी अगदी पुस्तकात असतात तशा सुबक. पायाच्या लूपमध्ये उभा राहिला, कमरेची गाठ हात वर करून जिथपर्यंत पोचली तिथपर्यंत सरकवली आणि बसला. बसल्यावर हार्नेस खाली आला, कॉर्ड ताणली गेली, आवळली, आणि गाठ गेली त्याच्या बोटांच्या चार इंच वर. आता ती गाठ हलवायची तर वजन काढायला हवं, म्हणजे पायात उभं राहायला हवं, आणि पायाची गाठ या झटापटीत घसरून मांडीजवळ आलेली, लूप बुटातून निघून खाली लोंबतोय. ना वर ना खाली. मधल्या हवेत फिरतोय गोल गोल.

वरून वीस माणसांचे वीस सल्ले. कुणी म्हणे कापा, कुणी म्हणे ओढा. सहा जणांनी दोर ओढायला सुरुवात पण केली होती, दोर कठड्याच्या धारेवर करकर वाजायला लागला तेव्हा मी अक्षरशः शिव्या देऊन थांबवलं. दुसरा दोर घेतला, टोकाला पाऊल जाईल असा लूप बांधला, त्याच्यापर्यंत सोडला. त्यात उभा राहिल्यावर गाठ सैल झाली. मग त्याला वरूनच सांगितलं की हार्नेसच्या लूपला मध्ये एक साधी गाठ मार, लूप आखूड होईल. त्याने मारली, आणि पाय वळवळवत, म्हणजे पायाला मुंग्या आल्या होत्या, आला वर. करडू तोपर्यंत कुणाच्यातरी गवताच्या पेंडीवर ताव मारत होतं.

पायाला मुंग्या हा विषय हसण्यावारी नेऊ नका. हार्नेसमध्ये स्थिर लटकून राहिलं की रक्त पायात साचतं आणि माणूस बेशुद्ध होऊ शकतो, कधीकधी काही मिनिटांतच. अडकलात तर पाय हलवत राहा, कशात तरी उभे राहत राहा. आणि हार्नेस नाही म्हणून नुसता कमरेला दोर बांधून लटकायचं तर नाहीच, छाती-पोट आवळून श्वास घेता येत नाही.

लांबीचं माझं माप असं. हार्नेसमध्ये पूर्ण वजन टाकून लटकलो की वरची गाठ कपाळासमोर यायला हवी, कोपर वाकलेलं असताना हातात येईल अशी. पायाच्या लूपमध्ये सरळ उभा राहिलो की पायाची गाठ पोट आणि छाती यांच्या दरम्यान. सेंटिमीटरमध्ये विचारू नका, तुमची उंची तुमची आहे. आंब्याच्या फांदीला दोर बांधा, जमिनीपासून फूटभर वर लटका, लूप आखूड-लांब करा, जमलं की गाठ पक्की करा आणि त्यावर टेप लावून ठेवा. माझ्या कमरेच्या लूपला लाल टेप असते, अंधारात घाईत उलटसुलट होत नाही. पायाच्या लूपला पावलाभोवती आवळेल अशी गाठ, म्हणजे तो बुटातून निघत नाही. आणि तोच पायाचा लूप एका जास्तीच्या कॉर्डने हार्नेसला पण जोडलेला, कारण एकाच गाठीवर जीव टांगणं मला पसंत नाही.

हे करायला एक दुपार लागते. एक. पण "सर, थेट कड्यावरच शिकू ना" म्हणणारे भेटतात. अशांना मी हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा खालून दाखवतो, वरून नाही.

चूक तिसरी: हाताला लागेल ती दोरी

मुख्य दोर 10-11 एमएम असेल तर कॉर्ड 6 किंवा 7 एमएमची. दोन्ही सारख्याच जाडीचे असतील तर गाठ चावतच नाही, दिसायला छान, वजन टाकलं की सुर्रकन खाली. कपडे वाळत घालायची दोरी नको, बुटाची लेस नको (हो, विचारलंय लोकांनी). हार्डवेअरच्या दुकानातली पिवळी-निळी पीपीची दोरी गुळगुळीत असते, उन्हात कुजते आणि घर्षणाने लवकर वितळते. डायनीमाची (एक कृत्रिम धागा) पातळ स्लिंग, म्हणजे शिवलेला पट्टीचा लूप, लय मजबूत म्हणून तिचीच प्रुसिक मारतात काहीजण. ती निसरडी असते आणि 145 अंशांच्या आसपास वितळते, नायलॉन दोनशेच्या वर तग धरतं.

ओला किंवा चिखलाचा दोर असेल तर तीनाऐवजी चार वेढे. वेढे एकमेकांवर चढलेले नकोत, शेजारी शेजारी बसलेले हवेत, तीन वेढ्यांचे सहा पदर मोजता आले पाहिजेत. न मोजता वजन टाकू नका.

आणि घसरायला लागलात तर गाठ हाताने गच्च धरू नका! घाबरलेला माणूस नेमकं हेच करतो, आणि मुठीतली गाठ आवळतच नाही, माणसाबरोबर खाली येते. हात सोडा, गाठ तिचं काम करेल.

जुमारवाल्यांसाठी थोडं

चांगलं साधन आहे, मी पण वापरतो. पण दात असतात त्याला, आणि झटका बसला की ते दात दोराचं बाहेरचं कव्हर सोलून काढतात. युरोपियन टेस्टमध्ये हे साधन 4 किलोन्यूटन पेलतंय का ते बघतात, म्हणजे साधारण चारशे किलो. ऐकायला भरपूर वाटतं, पण दोर ढिला सोडून मीटरभर पडलात तर तो आकडा लांब नाही. म्हणून जुमार कायम डोक्याकडे, दोर कायम ताणलेला. दोर तिरका असेल तर वरच्या भोकात कॅराबिनर अडकवून दोर आत कोंडा, नाहीतर निसटतो. चिखल भरला की दात चावत नाहीत, जुना टूथब्रश ठेवा सोबत. मार्किंग नसलेला स्वस्त माल घेऊ नका, बास.

बाकीच्या

कठड्याच्या धारेवर गोणपाट घाला, दोन-तीन पदरी. चढणाऱ्याच्या प्रत्येक हिसक्याला दोर त्याच जागी घासत असतो.

ट्रॅक्टर अँकर (दोर बांधायचा पक्का आधार) म्हणून चालेल, हँडब्रेक लावून, चाकाला दगड लावून, किल्ली खिशात घालून. ट्रॅक्टरने माणूस ओढायचा नाही. खालच्याचं डोकं कपारीत अडकलं तरी इंजिनला समजत नाही.

सह्याद्रीत मोठा दिसणारा दगड म्हणजे अँकर नव्हे. मुरमात नुसता टेकलेला असतो तो. झाड असेल तर जिवंत, मांडीपेक्षा जाड, आणि दोर बुंध्याशी.

दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारा.

वर चढताना दर दोन-तीन मीटरला खालच्या दोराला एट नॉट (इंग्रजी आठच्या आकाराची गाठ) मारून हार्नेसला अडकवा, वरचं सगळं सुटलं तरी तिथे थांबाल. वेळ जातो म्हणून कुणी करत नाही.

लूपची जोडगाठ डबल फिशरमन, शेपट्या (गाठीबाहेर उरलेली टोकं) बोटापेक्षा लांब. दर वेळी वापरण्याआधी बघायची, सैल होते.

कॉर्ड कडक झाली, चकाकायला लागली किंवा एखाद्या जागी चपटी वाटली तर कापून टाका. कापूनच, कारण नुसती कचऱ्यात टाकली तर घरातलं कुणीतरी "चांगली आहे की" म्हणून परत सॅकमध्ये ठेवतं.