क्लबसाठी सार्वजनिक मैदान घेताना: अर्जापासून अनामत परत मिळेपर्यंत

पालिकेचं मैदान क्लबला मिळतं म्हणजे ठरलेल्या वाराचे ठरलेले तास मिळतात. बाकीच्या वेळी ते फिरायला येणाऱ्यांचं, पोरांचं आणि उन्हात पेपर वाचत बसणाऱ्यांचं असतं. हे एकदा पक्कं डोक्यात बसलं की नियमावलीतली निम्मी कलमं न वाचताच कळतात. तरीही ती वाचाच.

१. मैदान कोणाच्या ताब्यात आहे ते शोधा. जागा एकाची आणि देखभाल दुसऱ्याची, असं सर्रास असतं. उद्यान किंवा क्रीडा विभागात विचारा: आरक्षण कोण देतं, गेटची चावी कोणाकडे असते, मैदान बंद ठेवायचं कोण ठरवतं? ही तीन उत्तरं तीन वेगळ्या माणसांकडून मिळाली तर दचकू नका.

२. कागद आधी जमवा. क्लबची घटना, पदाधिकाऱ्यांची यादी आणि क्लबच्या नावाचं बँक खातं एवढं बहुतेक ठिकाणी लागतंच. त्यात थर्ड पार्टी विमाही मागतात आणि तिथेच गाडी अडते. क्रिकेटचा चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. तो कुंपणावरून जाऊन कोणाच्या डोक्यात बसला तर भरपाई कोण देणार, एवढंच पालिकेला विचारायचं असतं. विम्याची मुदत हंगामाच्या मधेच संपत नाही ना, ते बघा. लहान मुलांचा संघ असेल तर प्रशिक्षकांच्या पार्श्वभूमीची तपासणी झाल्याचा कागदही मागितला जाऊ शकतो.

३. अर्जात वेळ मोकळ्या हाताने मागा. फुटबॉलचा सामना ४५-४५ मिनिटांचा, मधे जास्तीत जास्त १५ मिनिटं विश्रांती. म्हणजे पावणेदोन तास झाले, म्हणून दोन तास मागणारे क्लब मी दर हंगामात बघतो. गोलपोस्ट लावणं, वॉर्मअप, दुखापतीचा वाया गेलेला वेळ, शेवटी जाळी काढून कचरा उचलणं, हे कोण धरणार? अडीच तास मागा. नाहीतर शेवटच्या दहा मिनिटांत पुढचा संघ सीमारेषेवर बूट बांधत उभा असतो आणि तिथून भांडण सुरू होतं.

अर्जाआधी टेप घेऊन मैदान मोजाही. मोठ्यांच्या फुटबॉलला लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर लागते, शिवाय रेषेबाहेर मोकळी जागा हवी. नजरेचा अंदाज हमखास फसतो.

४. वेगळी परवानगी कशाकशाला लागते ते लिहून काढा. लाउडस्पीकर, प्रकाशझोत, मंडप, जाहिरातीचे फलक, खाण्याचे स्टॉल, गवतावर गाडी आणणं आणि पैसे घेऊन शिकवणी चालवणं, यांतलं काहीही मैदानाच्या आरक्षणात आपोआप येतं असं धरू नका. मंडपाची अट उगाच घातलेली वाटते, पण गवताखालून पाण्याचे पाइप गेलेले असतात. एक खुंटी चुकीच्या जागी ठोकली की कारंजं उडतं. आमच्या क्लबने ते उडवलेलं आहे. अनामत गेली, आणि गेली ते बरोबरच झालं.

५. फक्की कसली वापरताय? रेषा मारायला चुना नको, असं बऱ्याच नियमावल्यांत असतं. विरलेला चुनाही तीव्र अल्कली असतो. घामेजल्या कातडीवर तो भाजतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टीला धोका. खडूच्या जातीची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची पूड किंवा मैदानासाठीचा पाण्यात मिसळणारा रंग वापरा. तणनाशक ओतून रेषा जाळायचा जुना उपाय कोणी सुचवला तर त्याच्या हातातून डबा काढून घ्या.

६. ओलं मैदान. सगळ्यात जास्त वाद इथेच होतात. पाऊस थांबलाय, ऊन पडलंय, दोन्ही संघ तयार आहेत आणि गेटवर ‘मैदान बंद’ची पाटी. कर्णधार म्हणतो, वरून तर कोरडं दिसतंय! टाच रोवून अंगाचा भार द्या. बुटाच्या कडेने पाणी वर आलं तर मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्यात. अशा मातीवर बावीस जण खिळ्यांचे बूट घालून पळाले की ती दाबून घट्ट होते. मग मुळांना हवा मिळत नाही, पुढच्या पावसाचं पाणी जिरत नाही आणि गोलसमोरचा पट्टा हंगामभर चिखलाचा राहतो. एका सामन्याची किंमत पुढच्या कित्येक सामन्यांना मोजावी लागते.

मैदान बंद असताना पंच, कर्णधार किंवा आयोजक यांच्या तोंडी होकाराला काही अर्थ नाही. पंचांचा अधिकार मैदान उघडल्यावर सुरू होतो. निर्णय किती वाजता आणि कुठे कळवतात ते हंगामाआधीच विचारून ठेवा. आणि पैसे परत मिळतात की दुसरी तारीख, तेही. जिथे क्रिकेट आणि फुटबॉल आलटून पालटून चालतं, तिथे दोरी लावलेल्या खेळपट्टीच्या चौकोनात पाय ठेवू नका, चेंडू आणायलाही वळसा घ्या.

७. सामन्याच्या दिवशी. हलवता येणारे गोलपोस्ट जमिनीला घट्ट बांधल्याशिवाय सामना सुरू करायचा नाही. फुटबॉलच्या नियमांतही तेच लिहिलंय. मुलं आडव्या दांडीला लोंबकळतात, पोस्ट पुढे कलंडतो आणि त्यात जीव गेलेले आहेत. म्हणून सुरुवातीआधी एकाने प्रत्येक पोस्ट हाताने हलवून बघायचा. खेळून झाल्यावर तो आडवा किंवा साखळीने बांधून ठेवायचा. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवा, सगळ्यांना पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत न्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर येऊ नका. झाड आणि उघडी शेड आसऱ्याला चालत नाहीत.

८. अनामत. आत शिरल्याबरोबर चारही कोपरे, गोलसमोरची जागा, कपडे बदलायची खोली आणि नळ यांचे फोटो काढा, निघताना पुन्हा तेच. आधीच मोडकं काही दिसलं तर सामन्याआधी लेखी कळवा, नाहीतर ते तुमच्या नावावर चढतं. चावी परत देताना तारीख-वेळ घातलेली पोच घ्या आणि मगच घरी जा.