एल्कसाठी तिरकमठा घेताय? धनुष्य झेपेल तेवढंच, वजन बाणात घाला

भाचा अमेरिकेत कोलोराडोत असतो, त्यानं यंदा एल्कच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, शिकारीचं रीतसर लायसन्स काढलंय आन् खूळ घेतलंय की पुलीवालं कंपाउंड नको, साध्या धनुष्यानंच करायची, तवा रोज रात्री फोन, मामा कोणतं घेऊ. मामा परभणीजवळ शेतात कडब्याच्या पेंढ्यांवर बाण मारतो तेवढंच, आपल्याकडं शिकार 1972 च्या कायद्यानं बंद आहे. रानडुकरांनी सोयाबीन उकरलं म्हणून हे वाचून कुणी रानात जाऊ नका, आधी वनखात्याला गाठा.

पहिली चूक पौंडाची, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या जोराची. एल्कचा नर 300 किलोच्या घरात जातो म्हणून पोरं डायरेक्ट 60 पौंडाचं उचलतात. अरे, कंपाउंडला पूर्ण ओढल्यावर वजन उतरतं, लाँगबो (साधं लांब धनुष्य) नाहीतर रिकर्व्हला (टोकं पुढं वळलेलं) सगळा भार तसाच बोटांवर राहतो. ओढा, हात गालाला टेकवा, मनात पाच मोजा, खांदा थरथरला की ते धनुष्य तुमचं नाही. 35-40 नं सुरू करून 50 पर्यंत आलात तर एल्कला बास. आन् धनुष्यावर छापलेलं वजन 28 इंच ओढीचं असतं, तुम्ही 26 च ओढत असाल तर 50 चं 45 च्या आसपास भरतं. भंगारवाल्याचा लटकता काटा दोरीला अडकवून आपल्या ओढीएवढं खेचून बघा, साडेबावीस किलो म्हणजे 50 पौंड.

आता बाण, खरा खेळ इथं आहे. हलका बाण सुसाट सुटतो पण हाडाला लागला की दम संपतो, जड बाण हळू जातो तरी रेटा धरून आत घुसतो, वर धनुष्याचा आवाज आन् हाताला बसणारा झटकाही कमी. शिकारीच्या बाणांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. एड ॲशबींनी आफ्रिकेत लई चाचण्या घेतल्या, जड हाडासाठी त्यांचा बाणाच्या एकूण वजनाचा आकडा 650 ग्रेन. म्हणजे 42 ग्रॅम, जुना तोळा 180 ग्रेनचा, त्या हिशोबानं साडेतीन तोळ्यांच्या वर! मी माझे बाण सराफाच्या काट्यावर तोलतो, तो हसतो, हसू दे. लहान हरणाला एवढं लागत नाही, धनुष्याच्या दर पौंडाला 10 ग्रेन धरलं तरी चालतं.

वजन पुढं घाला, पितळी इन्सर्ट (काडीत बसवून टोक ज्यात फिरवतात तो तुकडा) आन् 200-300 ग्रेनचं टोक. पण टोक जड झालं की काडी जास्त वाकते, म्हणून कडक स्पाइनची, म्हणजे कमी वाकणारी, घ्या आन् आधी न कापता लांबीला जास्तच ठेवा. बिनपिसांचा बाण मारून बघा, उजव्या हातानं ओढणाऱ्याचा उजवीकडं पडला तर काडी मऊ, पाव-पाव इंच कापत जा. डावीकडं पडला तर कडक, टोक वाढवा. एकदम इंचभर कापू नका, मी दोन काड्या तशाच वाया घालवल्यात.

टोकाचं पातं दोन धारांचं, फिक्स, लागल्यावर उघडणारं नको, उघडण्यातच जोर जातो. धार अशी की मनगटावरचे केस निघाले पाहिजेत.

आन् बाण लावल्याशिवाय दोरी सोडायची नाही, कुणीच नाही. दिवाळीत पाहुण्यानं गंमत म्हणून सोडली, कडकन आवाज झाला आन् माझ्या रिकर्व्हची वरची वाकणारी पट्टी फाटली. भाच्याला म्हणलं, धनुष्य घरी आलं की आधी मित्रांपासून लपव.