छोटं कुत्रं सारखं अंगावर उड्या मारतंय? मग हे करून बघा

पॉमेरेनियन, शिह त्झू, पग, डॅशहंड असलं काही घरात असलं की दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या पायांवर उड्या ठरलेल्या, आणि बहुतेक जण "असू दे हो, केवढंसं तर आहे" म्हणून सोडून देतात. लॅब्रॅडॉरने हेच केलं असतं तर पहिल्याच आठवड्यात अख्खं घर ट्रेनिंगच्या मागे लागलं असतं. पण छोट्या कुत्र्याचीही नखं लागतातच, आजी-आजोबांची कातडी पातळ झालेली असते, त्यात रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर साध्या ओरखड्याचं रक्तही लवकर थांबत नाही, आणि नुकतं चालायला लागलेलं पोर तर सरळ मागच्या मागे आपटतं. शिवाय कुत्र्याचंही नुकसान आहेच, डॅशहंडला पाठीच्या मणक्यांचा त्रास लवकर होतो, पॉमेरेनियनसारख्यांच्या गुडघ्याची वाटी सरकते, सारख्या उड्या त्यांना चांगल्या नाहीत.

आता ते उडी मारतं कशाला? पिल्लू असताना आईचं तोंड चाटायचं असतं, आणि आपलं तोंड तर केवढं वर! उडी मारली की आपण खाली बघतो, हात लावतो, निदान ओरडतो तरी. कुत्र्याला हे सगळंच हवं असतं. "ए खाली उतर, उतर म्हटलं ना" असं म्हणत दोन्ही हातांनी ढकललं की त्याला वाटतं मस्त खेळ चालू झालाय. आणि छोट्या कुत्र्यांच्या बाबतीत सगळ्यात मोठी गडबड म्हणजे ते उडी मारतं आणि आपण त्याला पटकन उचलून घेतो, म्हणजे त्याला जे हवं तेच मिळालं की.

म्हणून पहिली गोष्ट, उडी मारली की काहीही द्यायचं नाही. बघायचं नाही, बोलायचं नाही, हात छातीशी घेऊन पाठ फिरवायची आणि गप उभं राहायचं. चारही पाय जमिनीला टेकले रे टेकले की लगेच, म्हणजे एक-दोन सेकंदांच्या आत, "शाब्बास" म्हणून खाऊ द्यायचा. आणि हा खाऊ वरून धरून द्यायचा नाही हं! हात वर असला की ते पुढचे पाय उचलणारच, म्हणून खाऊ मुठीत ठेवायचा, गुडघ्यात वाकायचं आणि त्याच्या पंजांजवळ फरशीवरच ठेवायचा, म्हणजे नाक खाली जातं आणि पाय आपोआप जमिनीवर राहतात. खाऊ म्हणजे मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन, पनीर किंवा गाजर, तुकडे तुरीच्या दाण्याएवढेच, कारण तीन-चार किलोच्या जिवाचं पोट लगेच भरतं आणि वजनही लगेच वाढतं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट चुकूनही नको.

सोबत "बस" शिकवून ठेवा, घरात शांतता असताना, रोज दोन-तीन वेळा, पाच मिनिटांच्या वर नाही. बसलेलं कुत्रं उडी मारू शकत नाही, एवढं साधं आहे ते. शब्द मात्र सगळ्यांनी एकच वापरायचा, एकाने बस, दुसऱ्याने सिट, तिसऱ्याने नुसता तोंडाने च्यक-च्यक आवाज असं नको.

सुरुवातीचे काही दिवस उड्या कमी व्हायच्या ऐवजी वाढतील, भुंकेल, पँट ओढेल, कारण आत्तापर्यंत चालत होतं ते अचानक का चालत नाही हे त्याला कळत नसतं. बरेच जण इथेच हार मानतात, आणि तेव्हा एकदा जरी लाड केले तरी ते शिकतं की जास्त जोर लावला की मिळतं. प्लीज तिथे टिकून राहा.

खरी परीक्षा दाराची बेल. घरातल्याच कोणाला तरी बाहेर पाठवून बेल वाजवायला लावा, कुत्र्याला लीश (पट्ट्याला अडकवायची दोरी) लावून ठेवा आणि लीशवर पाय ठेवा, इतकी ढिली की ते आरामात उभं राहील आणि बसेल पण उडीपुरती पुरणार नाही. आत येणाऱ्याने पाय जमिनीवर असतील तरच जवळ यायचं, उडी मारली की मागे फिरायचं. हे जमायला लागलं की मग शेजारचे, मग पाहुणे. गणपतीत घर भरलेलं असताना शिकवायला जाऊ नका, तेव्हा आधी चांगलं फिरवून आणा आणि गर्दीच्या वेळी आतल्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन ठेवा.

माणसांना शिकवणं जास्त अवघड, हे मनापासून सांगते. "मला चालतं हो, मला कुत्री आवडतात" म्हणणारे काका सगळ्यांची मेहनत पाण्यात घालवतात, त्यांना येण्याआधीच व्हॉट्सअ‍ॅप करा की कुत्रं खाली बसेपर्यंत त्याला हात लावू नका. गुडघा मारणं, पंजावर पाय देणं, पट्ट्याला झटका देणं, हे सल्ले कोणीही दिले तरी ऐकू नका, एवढ्याशा कुत्र्याला इजा होते आणि पाहुणा आला की दुखतं एवढंच ते शिकतं.

आणि तुम्हाला स्वतःला त्याने मांडीवर उडी मारलेली आवडत असेल तर तेही ठेवता येतं, फक्त आधी हे सगळं पक्कं होऊ द्या, मग सोफ्यावर बसून मांडी थोपटून "ये वर" म्हणायचं, आणि न बोलावता आलं तर काही न बोलता अलगद खाली ठेवायचं.