गेममधल्या जळणाचे भाव ठरवताना या चुका टाळा

टेबलाभोवती बसून खेळायच्या फँटसी गेममध्ये तलवार केवढ्याला मिळते, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. एखाद्या प्लेअरनं सरपणाची मोळी मागितली, की खेळ चालवणारा गेममास्टर तोंडाला येईल तो आकडा सांगून मोकळा होतो. बहुतेक वेळा तो असतो एक सोन्याचं नाणं.

सोन्यात भाव सांगणं

डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच गेमच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत अकुशल मजुराला दिवसाला २ चांदीची नाणी मिळतात, म्हणजे तांब्याची २०. सोन्याचं एक नाणं म्हणजे तांब्याची १००. वरच्या भावानं त्या मजुराला एका मोळीसाठी पाच दिवस राबावं लागेल. असं गाव पहिल्याच थंडीत ओस पडेल.

जळणाचा भाव मजुरीतच मोजा. त्यासाठी एक जुना आधार आहे. रोमन सम्राट डायोक्लेशियननं इ.स. ३०१ मध्ये वस्तूंचे कमाल भाव ठरवून दिले. त्यात १,२०० रोमन पौंड, म्हणजे साधारण ३९० किलो, जळाऊ लाकडाची गाडी १५० डिनारियसला (डिनारियस म्हणजे रोमन नाणं) होती आणि शेतमजुराचा रोज जेवण देऊन वर २५ डिनारियस. म्हणजे एका दिवसाच्या मजुरीत ६५ किलो लाकूड. हाच हिशेब आपल्या २० तांब्याच्या नाण्यांना लावला, तर २० किलोची मोळी सहा नाण्यांना पडते. मोळीचा भाव पाच-सात नाण्यांच्या आसपास ठेवा, कुणी हरकत घेणार नाही.

सगळीकडे एकच भाव

ही चूक सर्रास दिसते. डायोक्लेशियनच्या त्याच फर्मानात गाडीभाडं होतं मैलाला २० डिनारियस. म्हणजे साडेसात मैलांत भाडं लाकडाच्या किमतीएवढं होतं आणि पंधरा मैलांवर मोळी तिप्पट महाग. जंगलाच्या कडेला सहा नाण्यांची मोळी शहराच्या वखारीत अठराला विकली, तर वखारवाल्याला लुटारू म्हणता येणार नाही.

नदी असेल तर चित्र पालटतं, कारण नावेची वाहतूक गाडीपेक्षा कितीतरी स्वस्त. नकाशावर मोठं शहर नदीपासून लांब, उघड्या माळावर काढलं असेल तर तिथल्या चुली कशावर पेटतात, हे आधी ठरवा. शेणाच्या गोवऱ्या, दलदलीतून कापून वाळवलेलं पीट किंवा जवळची दगडी कोळशाची खाण, काहीतरी लागेलच. शिवाय शहरातला गरीब घरी चूल पेटवण्यापेक्षा शिजवलेलं विकत घेईल. गल्लोगल्ली खाणावळी दाखवायला हे कारण पुरेसं आहे.

लोणारी कोळसा म्हणजे जरा महाग लाकूड, असं समजणं

मातीनं लिंपलेल्या भट्टीत पाच किलो लाकडातून जेमतेम एक किलो कोळसा निघतो, आणि भट्टीवर रात्रंदिवस नजर ठेवणारा माणूस लागतो. म्हणून जंगलातच त्याचा किलोचा भाव लाकडाच्या सहापट तरी हवा. उष्णता मात्र किलोमागे सुक्या लाकडाच्या दुप्पटच मिळते. मग घ्यायचा कुणी? एक लोहार घेतो, कारण त्याला धूर नको असतो आणि आच कडक लागते. दुसरं लांबचं शहर. वरचंच गाडीभाडं धरलं तर साधारण तीस मैलांपलीकडे तेवढ्याच उष्णतेसाठी लाकूड वाहून नेण्यापेक्षा कोळसा परवडू लागतो. मात्र खडबडीत रस्त्यानं तो गाडीतच फुटतो आणि तळाशी भुगा साचतो. घेताना गोणी उलटी करून बघणारा लोहार खेळात एकदा आणाच, प्लेअर्सना आवडतो.

ओल्या-सुक्याचंही तसंच. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं. वजनावर विकत असाल तर सुक्याचा भाव दुप्पट लावा.

छापील यादी डोळे झाकून वापरणं

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या त्याच आवृत्तीत मेणबत्ती तांब्याच्या एका नाण्याला, मशालही एकाच नाण्याला, आणि दोन्ही जळतात तासभर. मेणबत्तीचा लख्ख उजेड ५ फूट, मशालीचा २० फूट. मग मेणबत्ती घेणार कोण? धूर, ठिणग्या आणि लाकडी छत, एवढंच तिच्या बाजूनं बोलतं. माझ्या मते चरबीची मेणबत्ती एका नाण्यालाच ठेवावी आणि मशाल तीनला करावी. मधमाशांच्या मेणाची मेणबत्ती वेगळीच: वास नाही, काजळी कमी, म्हणून भाव कितीतरी पट. ती मंदिरात आणि वाड्यात दिसावी, झोपडीत नाही.

"जादू आहे ना!"

ठिणगी पाडणारा मंत्र काडेपेटीचं काम करतो, रात्रभर जळायला लाकूड लागतंच. कायमच्या उजेडाचा मंत्र मात्र हिशेबात धरायला हवा. त्याला ५० सोन्याच्या नाण्यांची माणकाची पूड लागते, म्हणजे मूळ यादीतल्या भावानं ५,००० तासांच्या मशाली. चोवीस तास उजेड लागणाऱ्या किल्ल्याच्या दारात हा खर्च सात महिन्यांत निघतो, मांत्रिकाची दक्षिणा वेगळी. मजुराला तेवढ्यासाठी २५० दिवसांची मजुरी एकरकमी मोजावी लागेल, तेव्हा त्याच्या घरी वातच जळणार.

चुकीचा भाव सांगून बसलात तर

मागे घेऊ नका, कारण जोडा. पुरानं घाट बंद आहे, लाकडाच्या नावा वरच अडकल्यात. पुढच्या सत्रात पहिली नाव लागते आणि भाव उतरतो. मधल्या काळात प्लेअर्स स्वतःच गाडी जुंपून जंगलात निघाले, तर निघू द्या. फक्त गाडीत किती मावतं आणि बैल रोज किती खातो, हे आधी लिहून ठेवा.